कोहळ्याच्या वेलीला हात

माय,

दिघोरीच्या घरामागे तुझी भाजीपाल्याची सांदवाडी होती, तिथे आता भावाने स्लॅब टाकला आहे. बी मात्र मी वाचवून आणलं. लाखांदुरात माझ्या घरामागे ते दरवर्षी उगवतं आणि तिथेच मी बायकांना घरच्या घरी भाजीपाला लावायला शिकवते. वर्षातून तीन वर्ग घेते, एक पावसाळी, एक दिवाळीनंतर आणि एक उन्हाळी. तू हसली असतीस. "वांगे लावाले कायची शिकवणी वो?" असं चार जणींत म्हणाली असतीस. लागते शिकवणी, माय. रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरची लावणाऱ्या बायकांना लागते. एसटीने येतात, जाताना पिशवीभर माती मागून नेतात.

पण आज लिहायला बसले ते हे सांगायला नाही. भांडायला बसले आहे म्हण हवं तर. आठव, मी तेरा वर्षांची आहे. तुझी कोहळ्याची वेल छपराच्या कवेलूंवर चढली आहे आणि खाली लोंबणाऱ्या फांदीला सुपारीएवढी कोहळी लागली आहेत. पाळी आली म्हणून मी मागच्या पडवीत बाहेर बसले आहे, कंटाळले आहे, आणि त्यातल्या एका कोहळ्याला बोट लावते. नुसतं बोट. तू सूप हातात घेऊन दारात येतेस आणि ओरडतेस, "हात नोको लावू! सडवतं का वेल?" पुढच्या काही दिवसांत ती सगळी कोहळी पिवळी पडून गळाली. तू मला मारलं नाहीस. शेजारच्या काकूंना मात्र माझ्यासमोर सांगितलंस, "या पोरीच्या हातानं गेली माही वेल." मग तो सगळा पावसाळा जी येईल तिला सांगत राहिलीस. मला त्याचा राग आहे, अजून आहे.

कोहळ्याचं नर फूल वेगळं असतं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली ते इवलंसं कोहळं आधीपासूनच असतं, पण मधमाशीने नर फुलाचे पराग आणून टाकले तरच ते धरतं. त्या दिवसांत पावसाची झडी लागली होती. माशी उडालीच नाही, म्हणून फळं गळाली. माझा हात त्यात कुठेच नव्हता.

यंदाच्या पावसाळी वर्गातही अशीच झडी होती, म्हणून हाताने पराग लावायचा धडा घेतला. वेल तुझ्याच बियाण्याची. सगळ्या जणी जवळ आल्या आणि कॉलेजात जाणारी एक पोरगी भिंतीपाशीच थांबली. तिची आई म्हणाली, "मॅडम, पोरगी आज हात नाही लावत. दुरूनच पाहील."

"काहून?" मी विचारलं.

"तुमाले मायनं शिकवलं नाही का?"

"शिकवलं. म्हणूनच विचारून राहिली."

मी नर फूल तोडून पोरीच्या हातात दिलं. पाकळ्या कशा सोलायच्या आणि मधला दांडा मादी फुलात कसा फिरवायचा, ते तिलाच करायला लावलं. दोघी बायका चपला घालून निघाल्या. "वेल गेली तं आमाले सांगू नोका," एकीने फाटकातून ऐकवलं. माय, मी वरून ताठ होते, आतून घाबरले होते. कोहळं फळमाशीनेही गळतं, उगाचही गळतं. ते गळलं असतं तर सगळ्या गावात त्या पोरीच्या नावाने बोंब झाली असती, आणि दिवाळीनंतरच्या वर्गाला कुणी फिरकलं नसतं. रोज सकाळी चहाच्या आधी मी जाऊन बघत होते.

ते धरलं. वर्गाच्या पुढच्या तासापर्यंत मुठीएवढं झालं, आता डोक्याएवढं आहे. पोरीच्या आईने ते उचलून पाहिलं. भाताच्या तणसाची चुंबळ करून त्याच्याखाली ठेवली, ओल लागू नये म्हणून. गेलेल्या दोघींतली एक परत आली. दुसरी अजून माझ्या नावाने बोलते. बोलू दे. तूही बोल तिकडून. येत्या प्रत्येक वर्गाला मी हेच शिकवणार, आणि जी पोरगी भिंतीपाशी उभी राहील तिच्याच हातात आधी फूल देणार.

ही चिठ्ठी कुठे टाकणार? राहील इथेच, बियांच्या डब्याखाली. म्हणून एक सांगून टाकते. बाकीच्या वेली मी पाळीच्या दिवसांतही बिनधास्त हाताळल्या, दोडका, कारलं, काकडी. तुझ्या बियाण्याच्या वेलीजवळ मात्र त्या चार दिवसांत कधी गेले नाही. दुसरं काहीतरी काम काढत राहिले. आता माझी पाळी कायमची थांबली, माय. हात लावायचा म्हटलं तरी ते दिवस उरले नाहीत.