राधाच्या खुर्चीबाबत

मी, सुखदेव गेनबा ओव्हाळ, वय ७९, टेलिफोन खात्यातला निवृत्त लाइनमन, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. आमच्याकडे दबाव आणायचा अधिकार फक्त पत्नी राधाला आहे आणि ती आत्ता मटार सोलते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी राधाला, तिच्या पश्चात मुलगी निकिता हिला.

२. पक्कड, टेस्टर वगैरे हत्यारं जावई अनिरुद्ध यांना. ते हिंजवडीत मोठे साहेब आहेत आणि बल्ब बदलायला माणूस बोलावतात. माझ्यामागे होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी त्यांनी खुर्चीला इन्व्हर्टर जोडून द्यावा.

३. खुर्ची म्हणजे बटण दाबलं की बसलेल्या माणसाला हळूहळू उभं करणारी लिफ्टची खुर्ची. ती फक्त राधाची. शेजारच्या हिंमतरावांनी तीवर बसू नये. ती आणली त्या दिवशी, "काय हो, घरात दवाखाना काढलात का?" असं ते म्हणाले होते. मी विसरलेलो नाही.

खुर्ची निवडताना मी शहाणपणा केला. दुकानात तीन खुर्च्यांवर मीच बसून पाहिलं आणि एक पसंत केली. विकणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, खुर्ची आजींना हवीय ना? मग त्यांना बसू द्या की." राधा बसली तर तिचे पाय लोंबकळले. पाय जमिनीला टेकले नाहीत तर माणूस उठणार कसा? चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिची उंची माझ्या ध्यानात आली नव्हती. मग बुटकी खुर्ची घेतली.

४. ही कबुली फक्त राधाने वाचावी, निकिताने वाचू नये. गुडघे गेल्यापासून सहा वर्षं राधा, "अहो, हात द्या," म्हणायची. खांबाची शिडी सरकू नये म्हणून खालचा माणूस पाय लावतो, तसे मी तिच्या पावलांना पाऊल लावून तिला उठवायचो. खुर्ची आली आणि हाक बंद झाली. मी चपला शोधेपर्यंत ही स्वयंपाकघरात. मला फार वाईट वाटलं. मी खुर्चीची एक वायर काढून ठेवली आणि, "पार्ट मुंबईहून यायचाय," असं सांगितलं.

आठ दिवस हाका आल्या. नवव्या दिवशी मी मंडईत गेलो आणि जुने सहकारी भेटले म्हणून गप्पांत रमलो. परत आलो तेव्हा राधा तीन तास खुर्चीत अडकलेली होती. साडी ओली झाली होती. ती रडली नाही, रागावलीही नाही. मान खाली घालून, "निकिताला सांगू नका," एवढंच म्हणाली. मी तिला स्वच्छ केलं आणि वायर जोडली. खरं सांगायची हिंमत आजवर झाली नाही. राधा, माझं चुकलं.

५. मला घरातून नेताना लोक राधाला दोन्ही दंडांना धरून उठवायला धावतील. कोणीही तिला हात लावू नये. ती बटण दाबेल. खुर्चीला वेळ लागतो, तेवढं थांबावं. ती स्वतः उभी राहिली की मगच मला उचलावं.

वरील मजकूर माझा असून खालील दोघांसमोर सही केली आहे.

सुखदेव गेनबा ओव्हाळ

साक्षीदार :
१. संजय उत्तरेश्वर गायकवाड
२. श्यामला दिवेकर

पुणे, दि. ९ फेब्रुवारी २०१७