चष्मा पुसण्याचा प्रवेश

बाबा,

आई तुम्हाला स्क्रँटनहून बसने आणतेय, दुपारच्या प्रयोगाला. मघाशी पडद्याच्या फटीतून तुमची रिकामी खुर्ची पाहिली आणि लगेच मागे सरलो.

मी लिहिलेले सिनेमे तुम्ही हसत पाहिलेत. तिथे माझं लिखाण सतरा जण बदलतात. तुम्ही त्यात कुठे उरलाच नव्हतात. नाटकात मात्र लेखकाला विचारल्याशिवाय कुणी एक शब्द हलवत नाही. या नाटकात तुम्ही जसेच्या तसे आहात. त्यात तुमचं काम करणारा नट तापाने आडवा झालाय, म्हणून आज मीच उभा राहतोय.

"एवढा घाबरतोस तर तो चष्म्याचा प्रवेश गाळ की," आमची स्टेज मॅनेजर रूथॲन म्हणाली. "लेखक तूच ना? कुणाच्या बापाची परवानगी हवीय?"

"माझ्याच," मी म्हणालो.

मारण्याआधी तुम्ही चष्मा काढून सावकाश पुसायचात. तोवर आम्ही भावंडं टेबलाखाली शिरलेली असायचो. सकाळच्या तालमीत मी तसाच चष्मा काढला आणि आईचं काम करणारी कॉरीन बोलता बोलता थांबली.

"वाक्य विसरलीस?"

"नाही रे," ती भिंतीला टेकत म्हणाली. "तू आधी तो चष्मा घाल."

प्रवेश मी गाळलेला नाही. हे पत्र मात्र तुम्हाला देणार नाही. लिहिताना मध्येच थांबलो, तर चष्मा माझ्या हातात होता. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या, तरी मी पुसतच होतो.

आज दुपारपुरता तुमच्या जागी,
वेंडेल