दादाने बसवलेली रुंद चाकं

गुरुवार, १५ जानेवारी १९८७. अंधेरी.

डोकं फिरलंय नुसतं. दादाने मला न विचारता फियाटला दोन इंचांनी जास्त रुंद चाकं बसवली. रविवारी घाटातल्या शर्यतीत गाडी कोण चालवणार? मी. मग विचारायला काय झालं होतं?

संध्याकाळी साकीनाक्याला त्याच्या गॅरेजवर गेले, तर चाकांना हळदकुंकू लावून झालेलं, प्रत्येकाखाली लिंबू. लिंबं चिरडून मी गाडी घेऊन निघाले आणि पहिल्याच वळणावर घर्रर्र. टायर मडगार्डला घासत होता.

दादा म्हणे, "मडगार्ड आतून ठोकून देतो ना. रुंद टायरला पकड जास्त."

पकड? अरे, इंजिन केवढंसं आपलं! दिवाळीपासून मागची सीट काढ, मागच्या काचा काढून प्लास्टिक लाव, असं करत मी गाडी हलकी केली. याने ते वजन चाकांत परत घातलं. तेही फिरणारं वजन, सगळ्यात वाईट; ते फिरवण्यातच इंजिनाचा दम जातो. जुन्या बारीक टायरांवर कशी टुणकन सुटायची!

"पण दिसते कशी झकास, बघ तरी!"

दिसायलाच हवी असेल तर मढला सिनेमाच्या शूटिंगला ने, म्हटलं. जुनी चाकं परत लाव. तर तोंड पाडून म्हणतो, "आता पूजा झाली गं. काढली तर अपशकुन."

अपशकुन! घाटात वळणावर टायर घासून फाटला, तर तो कोणता शकुन?

ते घर्रर्र अजून कानात आहे. उद्या जुनी चाकं मीच चढवते. त्याला लिंबं ठेवायची तर ठेवू दे. त्यांच्यावरूनही नेईन.