विधवेची सही

प्रिय पास्को,

बंदरावरचा कारकून तुला हे वाचून दाखवेल. त्याला आधीच सांगून ठेव, बाई रागात आहे, मधेमधे हसायचं नाही. आणि तुझ्या बहिणीला जवळपास बसू देऊ नकोस. पाळकाच्या घरी धुणीभांडी करताना चार अक्षरं शिकले होते, ती अशा कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

ईस्टर झाल्यापासून तू आमच्या गावाकडे फिरकला नाहीस. मी लग्नाला नाही म्हटलं म्हणून रुसून बसलास, हे आता कुत्र्यामांजरांनासुद्धा माहीत झालंय. परवा गिरणीवाली मला तोंडावर म्हणाली, एवढा धडधाकट माणूस, स्वतःची होडी, आणि तुझं आपलं नाही ते नाहीच; तुला काय राजवाड्यातून मागणी येणार आहे? मी म्हटलं, तुला एवढा पसंत आहे तर तूच कर बाई, तुझ्या नवऱ्याची समजूत मी घालते. त्यावर ती पीठ झटकत आत गेली. पण मला घरी येऊन रडू आलं, ते तिला कशाला सांगू?

तू कधी विचारलंच नाहीस, का नाही म्हणतेस म्हणून. टोपी डोक्यावर घातलीस आणि चालता झालास. पुरुषांचं हे एक बरं असतं.

सॅम्सन मेला तेव्हा मृत्युपत्रात त्याने सगळी व्यवस्था माझ्या हातात दिली होती. मी वेडी, मला वाटलं केवढा हा विश्वास. हातात आली ती नुसती देणी. दारूच्या गुत्त्यात जो कोणी गळ्यात पडला त्याच्यासाठी हा बाबा जामीन राहिलेला. मग गावातली चार माणसं घरातल्या वस्तूंची किंमत लावायला आली. कोणी मेलं की येतातच, त्याचं काही नाही. पण त्यांनी माझ्या पलंगापेक्षा दारातल्या उकिरड्याची किंमत जास्त लावली, आणि वर एकजण म्हणतो कसा, खत चांगलं कुजलंय हो विल्मट. तिथेच त्याला त्या खतात बसवावं असं वाटलं.

तीन वर्षं मी चीज करून विकतेय आणि मेलेल्या माणसाची उधारी फेडतेय. आता एकटा हॉकडे उरलाय, दारूसाठी सातूला मोड आणून विकणारा तो माल्टवाला. सॅम्सनच्या सहीचा कागद आहे म्हणतो, दाखवत मात्र नाही. चर्चमधून बाहेर पडताना हटकून माझ्या तब्येतीची चौकशी करतो. मेल्याची नजर माझ्या गाईवर आहे. ती गाय मी माझ्या चीजच्या पैशांनी घेतली, सॅम्सनचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. जत्रेत तू माझ्याबरोबर होतास, तूच तिचे दात बघितलेस.

गाय, तांब्याचं पातेलं आणि पलंग, एवढं टॅम्सिनला मिळालं पाहिजे. माझी लेक बहिरी आहे, खुळी नाही. तिच्या हातचं लोणी माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण दाराशी गाय नसलेली बहिरी पोर म्हणजे गावच्या डोक्याला ताप. चर्चचे पंच तिला उचलून कुणाच्या तरी शेतावर राबायला पाठवतील, हॉकडेकडेसुद्धा पाठवतील. तिथे कोणी तिला मारलं तर ती कुणाला सांगणार आहे?

म्हणून तालुक्याच्या गावी जाऊन वकिलाला विचारलं. त्याने एक आख्खं चीज घेतलं आणि सांगितलं काय, तर लग्न झालं की बाईचं सगळं नवऱ्याचं होतं, तिला मृत्युपत्र करता येत नाही. नवऱ्याने परवानगी दिली तर करावं, पण बायको मेल्यावरही तो ती परवानगी मागे घेऊ शकतो. शिवाय मी लग्न केलं की सॅम्सनची देणी नव्या नवऱ्याच्या मागे लागतात. म्हणजे चर्चच्या दारातच हॉकडेने तुझ्या होडीवर हात ठेवला असता. तू परवानगी देशील, मागेही घेणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण समुद्राने उद्या तुला नेलं तर? तुझा भाऊ टॅम्सिनला गाय देईल? त्याने तुला तुझ्या वाटणीची जाळी तरी दिली का? मला विधवाच राहायला हवं होतं, पास्को. माझ्या सहीला किंमत आहे ती फक्त विधवा म्हणून. हे तुझ्या तोंडावर सांगितलं असतं तर तू हट्टाला पेटला असतास आणि मी विरघळले असते, मला माझी खात्री नव्हती.

आता खरं सांगते. नाताळपासून माझ्या छातीत गाठ आहे. औषधवाल्या म्हातारीने हात लावून पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत, तेव्हाच मी समजले. काल पाळकाला बोलावून मृत्युपत्र लिहवलं. ते अमलात कोण आणणार, तिथे तुझं नाव घातलंय, तुला न विचारता. या गावातला प्रत्येक पुरुष हॉकडेचं काही ना काही देणं लागतो, त्याच्यासमोर उभा राहून गाय विल्मटची होती असं शपथेवर सांगणारा एक तूच आहेस. पाळकाने विचारलं, हा पास्को तुझा कोण? ते लिहावं लागतं म्हणे. मी म्हटलं, लिहा, नातं काही नाही. त्याने ते लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि खाली मी सही केली. तेव्हापासून जिवाला चैन नाही. रुसवा सोड आणि लवकर ये. एकदा तरी माझ्या दारात येऊन बस, मग गावाला काय बोलायचं ते बोलू दे.

कागदावर कुणाचीच नसलेली, पण तुझीच,
विल्मट