एकटीला विचारलं तेव्हा

४ एप्रिल, शुक्रवार
जुळली! माझी किडनी रोशनला चालते. रिपोर्ट ऐकून आई रडली, मीही रडली – ती आनंदानं, मी भीतीनं. फेब्रुवारीत चर्चमध्ये साक्ष द्यायला उठली आणि सगळ्यांसमोर बोलून बसली, "माझ्या भावाला मी देईन." हालेलुया झालं, टाळ्या झाल्या. मोठी आली त्याग करणारी! तेव्हा वाटलं होतं, जुळणारच नाही.

६ एप्रिल, रविवार
पास्टर मुकुंद यांनी उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, सात वचनं वाटून दिली. येशूचं वधस्तंभावरचं एकेक वचन एकेकानं घेऊन बोलायचं, दर वर्षीसारखं. रोशननं हात वर करून पाचवं मागितलं – तहानेचं. डायलिसिसवाला माणूस. दिवसाला पाऊण लिटर पाणी, तेही मोजून. संत्र्यांच्या पांढुर्ण्यात राहून संत्रं बंद!

घरी येताना शेजारच्या सुधाकाकू फाटकात भेटल्या. "बाई व, लय मोठं काळीज तुझं! तुमचा देव आहे पाठीशी." आहे ना. पण चिरा तर मलाच पडणार!

८ एप्रिल
शाळेत शिकवायला उभी राहिली आणि फळ्यावर तारीखच चुकीची लिहिली. पोरी बघत होत्या. येशूही वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत भ्यालाच होता, घामाघूम झाला होता. पण तो पळाला नाही. मी पळायची वाट शोधून राहिली.

११ एप्रिल, शुक्रवार
नागपूरचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी रोशनला बाहेर बसवलं, दार लावलं. "खरं सांगा. मनात नसेल तर मी घरच्यांना एवढंच सांगेन की तुमची किडनी घेता येत नाही. कारण कोणालाच कळणार नाही."

"नाही द्यायची मला," मी म्हटलं. किती लवकर म्हटलं!

परतीच्या गाडीत रोशनच मला समजावत होता. "ताई, रडू नको व. होते कधी कधी असं."

१२ एप्रिल
आईनं माझ्यासाठी शिरा केला. "पोरगी तर तयारच होती, देवाचीच मर्जी नव्हती." माझी करणी देवाच्या नावावर गेली!

लहानपणापासून ऐकत आली – माणूस काहीही करो, देव प्रेम करायचं सोडत नाही. आज त्याचीच भीती वाटून राहिली. सोडलं असतं तर सुटली असती मी.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
रोशन पाचव्या वचनावर बोलला. ओठ फुटलेले, आवाज बसलेला. "देवाच्या पोरानं लोकांसमोर पाणी मागितलं. त्याले मागायची लाज नाही वाटली, तर मले काहून वाटावी? अन् ज्यायनं नाही दिलं, त्यायच्यासाठीही तो मेला."

मी खाली फरशीकडे बघत बसली. मान वर करायची हिंमतच नव्हती.

२० एप्रिल, ईस्टर
चर्च सुटल्यावर रोशनला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता थुंकेल तोंडावर.

"माहीत आहे ताई," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईले मीच म्हटलं होतं – तिले एकटीले विचारा. सगळ्यायसमोर बोलून फसली आहे, पण लय भिऊन राहिली. नाही म्हटलं तर घरी सांगू नका."

२१ एप्रिल, सोमवार
भीती गेली नाही. दवाखान्यात फोन केला. म्हटलं – मला पुन्हा एकदा एकटीला विचारा.