कच्चं खत

१४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुझं कार्ड मिळालं. तुझी तब्येत बरी असेल आणि गुडघा फार छळत नसेल अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे.

कार्डावर नेहमीप्रमाणे एकच ओळ होती, "झाड कसं आहे?" तीन वर्षांत तुझी सात कार्डं आली आणि सातही वेळा तू झाडाचीच चौकशी केलीस. झाड ठीक आहे. बाबांच्या अंजिराची वीतभर काडी तू ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली होतीस, ती आता पाळकघराच्या मागच्या भिंतीशी माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. पानं भरपूर, फळ मात्र नाही. तिसरं वर्ष संपत आलं तरी एकही नाही.

एक गंमत सांगतो. गेल्या रविवारी उपासनेत मी येशूनं सांगितलेल्या अंजिराच्याच दाखल्यावर बोललो. तीन वर्षं फळ न देणारं झाड, आणि तोडून टाका ते, जागा कशाला अडवतंय म्हणणारा मालक. तुला ठाऊकच आहे, मी बाबांचा मुलगा, बोलायला उभा राहिलो की घड्याळाकडे बघायचं काम मंडळीचं. चाळीस मिनिटं बोललो. कुऱ्हाडीची धार, मुळावरचा घाव, निष्फळ आयुष्याचा शेवट, काही म्हणून सोडलं नाही. पुढच्या बाकावर दोघींनी डोळे पुसले आणि मी मनातून खूष झालो.

उपासना संपल्यावर दाराशी उभा राहून एकेकाला निरोप देत होतो, तर गोठेवाल्या काकू आल्या. या काकूंच्या नऊ गायी आहेत, आमच्या कुंपणापलीकडेच त्यांचा गोठा आहे, आणि मंडळीत त्यांच्या शब्दाला माझ्या शब्दापेक्षा जास्त वजन आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही.

"पाळकसाहेब, दाखल्यातला माळी कुठं गेला?"

मी विचारलं, कुठला माळी?

"अजून एक वर्ष राहू द्या म्हणणारा. मी भोवती खणतो, खत घालतो म्हणणारा. तुम्ही कुऱ्हाडीवर चाळीस मिनिटं बोललात. शेणाचं नावसुद्धा काढलं नाहीत."

मागे आमचा सुतार उभा होता, त्याला हसू आवरेना. हा सुतार देवळाची बाकं आणि दारं-खिडक्या सांभाळतो आणि वर्षभर माझ्यामागे लागला आहे, की अंजिराची मुळं भिंतीत शिरायच्या आत झाड काढून टाकू. करवतीला धार लावून तयार असतो.

मला काकूंचं बोलणं लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. त्याच दुपारी गोठ्यातून दोन हातगाड्या शेण आणलं, झाडाभोवती खणलं आणि बुंध्यापर्यंत गच्च भरून टाकलं. हाताला फोड आले, पण झोप मात्र छान लागली.

जुन्या विषयावर तू काही लिहीत नाहीस, मीही लिहीत नाही. ते तसंच बरं आहे असं वाटतं. स्वतःला जप.

तुझा धाकटा भाऊ


२० एप्रिल

प्रिय ताई,

सलाम. तुझ्या कार्डाची वाट न बघता लिहितोय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील.

झाड ठीक नाही. खत घातल्यावर आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपायला लागल्या. खरं म्हणजे मागचं पत्र पेटीत टाकायच्या आदल्या दिवशीच पहिली दोन पानं पिवळी दिसली होती, तरी पत्रात मी 'झाड ठीक आहे' असंच राहू दिलं. मग पानं गळू लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या. शेवटी नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा काकूंनी कुंपणावरून डोकावून विचारलं, हे ताजं शेण इथं कुणी घातलं?

मी म्हटलं, मीच, तुम्हीच तर म्हणालात.

"शेण म्हणाले मी. गायीच्या मागून उचललं आणि बुंध्याला थापलं, असं कुठं म्हणाले? कच्चं शेण आतून तापतं. भाजली हो त्याची मुळं."

त्या फाटकातून आत आल्या, बाह्या सरसावल्या आणि माझ्याबरोबर जमिनीवर बसून सगळं शेण हातांनी बाहेर काढायला लागल्या. या कामाला दुपार गेली. अंगणाच्या कोपऱ्यात त्याचा ढीग केला आणि वर जुनी पोती घातली. मग गोठ्यातून एक लोखंडी सळई आणून त्यांनी ढिगात खुपसली, थोड्या वेळानं उपसली आणि म्हणाल्या, धरा. मी धरली आणि लगेच टाकून दिली. चटका बसला, ताई. दोन हातगाड्या शेणाच्या पोटात इतकी आग असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

"ही सळई गार निघेपर्यंत ते झाडाजवळ न्यायचं नाही," काकू म्हणाल्या.

किती दिवस लागतील, मी विचारलं. लागतील तितके, म्हणाल्या. आणि नुसतं झाकून ठेवून विसरायचं नाही, आठवड्यातून एकदा उलटंपालटं करायचं, वारा लागू द्यायचा, नाहीतर नुसता वास मारत पडून राहतं.

दुसऱ्या दिवशी सुतार करवत घेऊन हजर. त्याला काकूंनी फाटकातूनच परत पाठवलं. अजून एक वर्ष, एवढंच बोलल्या, जणू मालकाशी त्यांचं सगळं ठरलेलं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. बाबा गेल्यावर आठव्या दिवशी मी तुला पाच पानी पत्र लिहिलं होतं. तू मला वेळेवर कळवलं नाहीस, बाबांना स्वतःपाशी ठेवून घेतलंस, पोटच्या मुलाला शेवटच्या दोन दिवसांचा पाहुणा केलंस, असं बरंच काही त्यात होतं. रोज सकाळी सळई उपसून बघतो तेव्हा ते पत्र आठवतं. त्याबद्दल मला तुला एक सांगायचं आहे. पण आज नको. हात अजून भाजतो.

झाड बहुधा जाईल. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. नऊ महिने मी तुला उत्तर दिलं नाही. तुझं मे महिन्यातलं कार्ड समोर ठेवूनच हे लिहितोय. त्यावर पहिल्यांदाच एकीच्या जागी तीन ओळी आहेत. "बाबांनीही पहिलं अंजीर असंच जाळलं होतं. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. आपल्या अंगणातलं ते दुसरं."

हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात दूध तापवत उभा होतो. इतका हसलो की दूध उतू गेलं. मग ओटा पुसता पुसता रडू आलं. बाबांनी कधी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा लावली असेल, हे माझ्या आयुष्यात कधी मनात आलं नव्हतं. तू हे इतकी वर्षं जपून ठेवलंस आणि नेमकं मला लागणार होतं तेव्हा दिलंस.

तरी उत्तर दिलं नाही, कारण सळई गार झाली नव्हती. हसू नकोस. मी स्वतःशी तसंच ठरवलं होतं.

दर शनिवारी प्रवचनाची तयारी झाली की मी फावडं घेऊन ढीग उलटापालटा करायचो. सुरुवातीला नाकाला रुमाल बांधायचो. मग हळूहळू काम करताना पुटपुटायला लागलो. आधी तुला लिहायची वाक्यं, मग बाबांना, मग देवाला. काकू पलीकडे धारा काढत असायच्या, त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, पाळकसाहेब, रविवारी इतकं बोलता आणि एरवी इतके घुमे कसे? तेव्हा तू लहानपणी ठेवलेलं नाव आठवलं. तीन वर्षांत ते पत्राखाली लिहायचा धीर झाला नव्हता.

ऑक्टोबरात सळई कोमट निघाली. डिसेंबर लागला तेव्हा गार. ढीग निम्म्याहून खाली बसला होता. काकूंनी मूठभर उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. काळं, भुसभुशीत, वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं, आणि वास म्हणशील तर नाही. हेच ते, यावर माझा विश्वास बसेना. आम्ही ते बुंध्यापासून हातभर दूर पसरलं, वर माती ओढली आणि पाणी दिलं.

आता माझं सांगतो.

तू मला वेळेवर कळवलं होतंस. तुझी दोन पत्रं मला मिळाली होती. पहिल्यात तू लिहिलं होतंस की बाबांना आता प्रार्थनेचे शब्द आठवत नाहीत, अर्ध्यावर थांबतात आणि तुझ्याकडे बघत राहतात. दुसरं तीन आठवड्यांनी आलं, त्यात एकच शब्द होता, "ये." दोन्ही पत्रं मी टेबलाच्या खणात प्रवचनांच्या कागदांखाली सारली. मला काम होतं असं नाही. मी भ्यालो, ताई. ज्यांच्या तोंडून मी सगळे शब्द शिकलो, त्यांनाच शब्द सुचत नाहीत हे मला बघायचं नव्हतं. ते तू अकरा महिने बघितलंस. त्यांचं राहिलेलं वाक्य रोज तू पुरं केलंस. मी शेवटचे दोन दिवस आलो, दफनाच्या वेळी सुंदर बोललो, सगळ्यांची शाबासकी घेतली आणि आठ दिवसांनी माझी सगळी लाज गरम गरम तुझ्या अंगावर ओतली.

माझं चुकलं. मला माफ कर. ही दोन वाक्यं लिहायला मला जवळजवळ चार वर्षं लागली.

त्या पाच पानांना तू उत्तर दिलं नाहीस, पण कार्डं पाठवणंही थांबवलं नाहीस. झाड कसं आहे, झाड कसं आहे. मला तो टोमणा वाटायचा. आता वाटतं की तू माझीच चौकशी करत होतीस, आणि मला उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून झाडाचं नाव घेत होतीस.

तर ऐक. झाड जगलं. जूनमध्ये बुंध्यातून कोंब आले, आता पुन्हा खांद्याइतकं आहे. गेल्या आठवड्यात सुतार भिंत बघायला आला आणि ओरडतच मला बोलवायला धावला. दोन अंजिरं धरली आहेत, गोटीएवढी, हिरवी, एका पानाआड. आता तोच म्हणतो की मुळं अडत असतील तर भिंतीच्या दोन विटा काढू, झाडाला हात लावायचा नाही. मी परवाच्या रविवारी तोच दाखला पुन्हा घेतला आणि दहा मिनिटांत आटोपला, फक्त माळ्यावर आणि खतावर. माझी गोष्ट नाही सांगितली. ती आधी तुला सांगायची होती. काकू दाराशी म्हणाल्या, आज शेण बरोबर मुरलं होतं.

पाखरं टोचतात म्हणून दोन्ही फळांवर बाबांचे मोजे बांधले आहेत. त्यांच्या सामानातून मी तेवढेच उचलले होते, आठवतं ना? एका मोज्याच्या टाचेला तुझं रफू आहे. ऊन-वारा लागूनही एक टाका सुटलेला नाही. त्यातलं फळ तुझं.

काकूंच्या अंदाजानं एप्रिलमध्ये पिकेल. मला तुझ्यासमोर बसून बाबांच्या त्या अकरा महिन्यांबद्दल ऐकायचं आहे, सगळं, पहिल्या दिवसापासून. मी मधे बोलणार नाही. खोली झाडून ठेवली आहे, पायऱ्या दोनच आहेत, गुडघ्याला त्रास होणार नाही. तू मला दुसऱ्या पत्रात जो शब्द लिहिला होतास, तोच आज मी तुला लिहितो.

ये.

तुझ्याकडे अजून एक वर्ष मागणारा,
तुझाच
घुम्या