फणेरपेटीवरचे गुलाब

१२ फेब्रुवारी १९९४
पत्र आलं. सासूबाई (सा.बा.) २० तारखेला येतायत. आल्या की आधी फणेरपेटी बघायला मागणार. फण्या-कुंकवाची ही लाकडी पेटी त्यांच्या आईची, लग्नात मला दिलेली. आणि मी काय केलंय? डेकूपाजच्या क्लासचा उत्साह! झाकणभर कागदी गुलाब चिकटवले, वर गोंदाचे तीन हात. त्यांनी भरतकाम केलेला अभ्रासुद्धा सोडला नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते.

१३ फेब्रु.
सतीशचं म्हणणं, "सँडपेपर मारू, अर्ध्या तासात साफ." नवरा इंजिनिअर असल्याचे फायदे. एका कोपऱ्यावर मारला. गुलाबाबरोबर लाकडाचा रंगही गेला, बोटभर पांढरा डाग. रडले.

१४ फेब्रु.
शेवटी शेजारच्या अक्कांकडे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. पेटीवर तळहात फिरवला. "पॉलिश नाही गं, तेल पाजलंय. निघतंय सगळं." गरम पाण्यात व्हिनेगर, त्यात पिळलेलं फडकं, झाकणावर दहा मिनिटं. मग अंगठ्याच्या नखानं कडा उचलली. मी घाईनं ओढायला गेले तर ओरडल्या, "निधान! निधान!"
मला वाटलं, काही ठेवा सापडला. वाकून बघायला लागले. अक्का हसून बेजार. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश!

१६ फेब्रु.
रोज दोनच गुलाब. मधे लाकूड सुकू द्यायचं. अभ्रा साबणाच्या गरम पाण्यात भिजवला, उलट्या बाजूनं मऊ ब्रश. कागद लगदा होऊन सुटला, टाका एक उसवला नाही. काय बाई आहे! सत्तरी उलटली, चष्म्याला दोरा बांधलाय, पण बोटांना सगळं दिसतं. सा.बां.च्या वस्तूला मी कधी इतक्या मायेनं हात लावला होता? नाही.

१८ फेब्रु.
ठेवा खरंच सापडला. गुलाबाखाली खिळ्यानं कोरलेलं "मा". सा.बां.चं माहेरचं नाव मालू. चार वर्षं पेटी वापरतेय, कधी लक्ष गेलं नाही. सँडपेपरनं गेलंच असतं. "लू" शेवटच्या गुलाबाखाली, पण तिथं लाकूड ठिसूळ झालंय, कपचा निघेल. अक्कांनी हात मागे घेतला. "स्वल्प राहू दे. जिची वस्तू, तिला विचार."

२० फेब्रु.
सा.बा. आल्या. चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्या "मा"वर बोट फिरवत बसल्या. मग, "सात वर्षांची होते. पेटी बिघडवली म्हणून आईनं दोन धपाटे घातले होते." माझ्याकडे बघितलं. "तुला कोण घालणार?"
मग पदर खोचून गरम पाणी मागितलं. अक्कांना मीच बोलावून आणलं. दोघी पेटीपाशी मांडी घालून. सा.बां.नी नखानं कडा जराशी उचलली.
"निधान," अक्का हळूच म्हणाल्या.
सा.बा. थांबल्या. "हो," म्हणाल्या, "निधानच आहे."
अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला नाही.
फडकं परत ठेवलंय. दहा मिनिटं.